अडणीवरचा शंख

आम्ही मराठी घेऊन एम. ए. झालो आणि पुढे सारी हयात मध्यप्रदेशातील सरकारी शाळांत घालविली. तेव्हा रसायनशास्त्रावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी वाचकाने विचारले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही. सरकारी शाळेत अधिकाराने शिकविण्याचे प्रसंग थोडे आणि गरजेने शिकविण्याचे फार. विज्ञानाचे शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेले की त्यांचा तास ज्याच्या वाट्याला येई, त्याने खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहावयाचे, अशी रीत. अशाच एका तासाला, वीसएक वर्षांपूर्वी, एका खेड्यातील शाळेत आम्ही पुस्तकातील आकृती फळ्यावर काढून दाखवीत होतो. मध्ये फॉस्फरसचा एक अणू, भोवती क्लोरीनचे पाच. मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, पाचही क्लोरीन सारखेच, तर दोन काड्या लांब आणि तीन आखूड का?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. तसे सांगण्याचा धीरही नव्हता. "पुस्तकात आहे तसे लिही," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. तो बसला. पुन्हा त्याने त्या वर्षात आम्हांस काहीही विचारले नाही.

ही गोष्ट आम्ही विसरलो असतो; परंतु गेल्या सहामाहीत ती नव्याने आमच्या दारी आली. आमची भाची अकरावीला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे इंदूरला राहते. एके दिवशी तिने रसायनशास्त्राची तपासलेली उत्तरपत्रिका आमच्यापुढे ठेवली. प्रश्न होता: फॉस्फरस पाच क्लोरीनांशी जोडला जातो, नायट्रोजन का जात नाही? तिने लिहिले होते की, नायट्रोजनचा अणू लहान आहे, त्याच्याभोवती पाच क्लोरीन मावत नाहीत. दोन गुणांपैकी मिळाले होते शून्य. आदर्श उत्तरात लिहिले होते की, नायट्रोजनजवळ डी-कक्षक नाहीत. "मामा, माझं उत्तर चूक आहे का हो?" तिने विचारले. "पुस्तकात आहे तसे लिही" हे शब्द ओठांवर आले होते. पण या वेळी ते आम्ही गिळले. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक रसायनशास्त्रात मुरलेले आहेत. त्यांच्याकडे आम्ही तीन-चार संध्याकाळी जाऊन बसलो. पुढे जे लिहीत आहोत ते बहुतांशी त्या बैठकींचे फळ होय. चुका असतील त्या आमच्या.

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे, कारण महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत तो हटकून होतो. मराठीत अणू म्हणजे द्रव्याचा मूळ कण, आणि असे अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत मूळ कणाला परमाणु म्हणतात आणि जोडून झालेल्याला अणु. म्हणजे एकच शब्द दोन सख्ख्या भाषांत दोन निरनिराळ्या वस्तूंना लावला आहे! भाची हिंदी पुस्तकातून "अणुओं की ज्यामिति" मोठ्याने वाचीत असता आम्ही मराठी कानांनी ऐकत होतो, आणि एका अणूत पाच क्लोरीन कसे, या कोड्यात पहिला अर्धा तास गेला. या लेखात मराठी रीतच ठेवली आहे. ज्या सिद्धान्ताने रेणूंचे आकार सांगता येतात त्याचे हिंदी नाव तर "संयोजकता कोश इलेक्ट्रॉन युग्म प्रतिकर्षण सिद्धांत" असे मालगाडीएवढे लांब आहे. अर्थ मात्र साधा. अणूच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन जोड्याजोड्यांनी राहतात, प्रत्येक जोडी दुसरीला दूर ढकलते, आणि सर्वांना जास्तीत जास्त अंतर मिळेल अशी बैठक जमते. त्या बैठकीवरून रेणूचा आकार ठरतो.

नायट्रोजन आणि फॉस्फरस ही नावे ऐकून आमच्या मातोश्री देवघरातून म्हणाल्या, "म्हणजे आपलं नत्र आणि स्फुरद की रे." त्यांचे माहेर खानदेशातील शेतकऱ्याचे, नत्र, स्फुरद, पालाश हे खताचे त्रिकूट त्यांना शाळेत न जाताच पाठ आहे. मूलद्रव्यांच्या कोष्टकात नत्र आणि स्फुरद एकाच स्तंभात, एकाखाली एक आहेत. नत्राचा अणुक्रमांक ७, स्फुरदाचा १५. बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉन दोघांच्याही पाच. क्लोरीन, फ्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन यांना एकेक इलेक्ट्रॉनाची उणीव असते. नत्र असो वा स्फुरद, तो आपल्या पाचांपैकी तीन इलेक्ट्रॉन तिघा हॅलोजनांच्या भागीदारीत घालतो आणि दोन्हीकडचे आठ-आठ भरतात. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुइस यांनी १९१६ साली मांडलेला हा भागीदारीचा विचार आज प्रत्येक शाळेत शिकविला जातो. तीन जोड्या भागीदारीत गेल्या की अणूजवळ एक जोडी उरते. ती कोणाच्याही वाट्याला येत नाही, कोणत्याही काडीने दाखविली जात नाही. तिला एकाकी जोडी म्हणतात. रेणूच्या स्वभावाची किल्ली पुष्कळदा तिच्याच कमरेला असते.

एका स्तंभातील भावंडे म्हणून दोघांचा स्वभाव सारखा असेल, अशी कोणाची समजूत असल्यास ती फार महागात पडलेली आहे. १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ द्यूलाँ याने नत्राचे ट्रायक्लोराइड तयार केले. पिवळसर, तेलासारखा द्रव. तो हादरा, उष्णता, प्रकाश यांपैकी कशानेही फुटतो. द्यूलाँचा एक डोळा गेला आणि हाताची बोटेही जायबंदी झाली. ही वार्ता अँपिअरने लंडनला हम्फ्री डेव्हीला कळविली. डेव्हीला मोह आवरला नाही. १८१२ च्या अखेरीस त्यानेही तो पदार्थ करून पाहिला, आणि स्फोटात उडालेली काच त्याच्या डोळ्याला लागली. काही दिवस लिहिता-वाचता येईना, म्हणून त्याने लेखनिक म्हणून एका तरुणास बोलाविले. पुस्तकबांधणीची उमेदवारी संपविलेला तो तरुण म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे १ मार्च १८१३ रोजी त्यास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची जागा मिळाली, आणि आरंभीचे काम काय तर याच द्रवाचे प्रयोग! दोघेही तोंडावर काचेचे मुखवटे बांधून काम करीत. तरीही स्फोट होतच. एकदा नळी फॅरडेच्या बोटांतच फुटली आणि नखाचा तुकडा उडून गेला. विजेचा तो पुढचा महर्षी या पदार्थाच्या तावडीतून धडधाकट सुटला, हे आपणा सर्वांचे भाग्यच म्हणावयाचे. घरातील पंखा आणि गावचे वीजकेंद्र ज्या तत्त्वावर चालतात ते त्याचेच.

याच सुमारास स्फुरदाचेही ट्रायक्लोराइड फ्रान्समध्ये तयार झाले होते. १८०८ साली गे-ल्युसॅक आणि तेनार यांनी ते केले. तेही काही सात्त्विक नव्हे. दमट हवेत धुमसते, पाण्याशी गाठ पडताच हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते, डोळे आणि फुप्फुसे पोळते. पण ते फुटत नाही. कारखान्यांत ते टनावारी होते आणि टाक्यांतून वाहून नेले जाते.

मग नत्रच एवढे आततायी का? प्राध्यापकमहाशय म्हणाले, "नत्राला सासरी करमत नाही, त्याची ओढ माहेरी." नत्राचे दोन अणू एकमेकांस भेटले की तिहेरी बंधाने बांधले जातात, आणि तो बंध तोडावयाचा तर दर मोलास सुमारे ९४५ किलोजूल ऊर्जा लागते. उलट नत्र आणि क्लोरीन यांचा बंध सुमारे २०० किलोजूलांचाच. म्हणून जरा निमित्त मिळाले की नत्राचे अणू क्लोरीनचा हात सोडून एकमेकांना बिलगतात, आणि उरलेली ऊर्जा धडाक्याने बाहेर पडते. आयोडीनच्या बाबतीत तर कहर आहे. अमोनियासह बनलेला नत्र-आयोडीनचा वाळलेला चुरा पिसाच्या स्पर्शानेही कडाडतो आणि जांभळा धूर सोडतो. फ्लोरीनची गोष्ट मात्र अगदी उलट. त्याचा नत्राशी बंध चांगला घट्ट, आणि फ्लोरीनचा स्वतःच्याच जोडीदाराशी असलेला बंध दुबळा; त्यामुळे मोडून परत जाण्यात कोणाचाच लाभ नाही. जर्मनीतील ओटो रुफ यांनी १९२८ साली सिद्ध केलेले नत्राचे ट्रायफ्लोराइड हा एक रंगहीन, साध्या तापमानास थंड स्वभावाचा वायू आहे.

आता आकार. भाचीच्या पुस्तकात नत्राच्या या रेणूंना "पिरॅमिडी" म्हटले आहे. मुलांनी इजिप्तचे पिरॅमिड चित्रात पाहिलेले असतात, त्यांचा तळ चौकोनी. इथे तर पाय तीन. आम्ही देवघरात गेलो आणि मातोश्रींची परवानगी काढून शंखाची अडणी उचलून आणली. पितळेची, तीन पायांची. जिथे तिन्ही पाय एकत्र मिळतात तिथे नत्राचा अणू आहे असे समजावे. तीन पावलांच्या ठिकाणी तीन हॅलोजन. आणि वर ठेवलेला शंख म्हणजे ती एकाकी जोडी. रेणूचे चित्र काढताना अणूच तेवढे काढतात, शंख काढीत नाहीत. परंतु पाय खाली वाकलेले का आहेत, याचे उत्तर शंखाशिवाय मिळत नाही. वरची जोडी नसती तर तिन्ही पाय एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून जमिनीला सपाट टेकले असते. जोड्या चार आहेत, म्हणून त्या अवकाशात चार दिशांना पांगतात. चारही अगदी सारख्या असत्या तर प्रत्येक दोघींमधील कोन साडेएकशेनऊ अंशांचा झाला असता. तसा तो होत नाही. एकाकी जोडी एकाच अणूच्या स्वाधीन असल्यामुळे त्याच्या जवळ पसरून बसते, अधिक जागा अडविते, आणि पायांना खाली रेटून एकमेकांजवळ आणते. अमोनियात तीन हायड्रोजनांमधील कोन सुमारे १०७ अंश भरतो.

नत्राच्या ट्रायफ्लोराइडमध्ये तो सुमारे १०२ अंशच आहे. इथे भाचीने बरोबर अडविले. फ्लोरीन हायड्रोजनपेक्षा मोठा, मग त्यांनी एकमेकांना जास्त ढकलून कोन वाढवायला नको का? उत्तर असे की, ढकलाढकली जोड्यांची आहे, आणि फ्लोरीन आपली जोडी नत्रापासून दूर, स्वतःकडे ओढून घेतो. नत्राजवळची गर्दी त्यामुळे कमी होते आणि शंखाचा भार पायांना अधिक दाबू शकतो. स्फुरदाच्या ट्रायक्लोराइडमध्ये कोन सुमारे १०० अंश आणि ट्रायफ्लोराइडमध्ये ९८ च्या आसपास. रेणूंचे आकार जोड्यांच्या संख्येवरून सांगता येतील हे ऑक्सफर्डच्या सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० साली रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले होते. एकाकी जोडी अधिक जागा घेते, हा त्यातील बारकावा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली विस्ताराने पुढे आणला.

अडणी हाताशी होतीच, म्हणून तिच्यावरून आणखी एक कोडे उलगडले. अमोनियाच्या रेणूला विजेच्या दृष्टीने एक टोक बरेच ऋण आणि दुसरे धन असते. ते मोजण्याच्या मापाने अमोनियाचा आकडा येतो १.४७. फ्लोरीन हा इलेक्ट्रॉन ओढण्यात साऱ्या मूलद्रव्यांत पहिला. तेव्हा ट्रायफ्लोराइडचा आकडा याहून मोठा यावा. प्रत्यक्षात येतो ०.२३ च्या जवळपास! अमोनियात नत्र पायांकडील इलेक्ट्रॉन वर ओढतो, आणि शंखही वरच. दोन्ही ओढी एकाच दिशेला. ट्रायफ्लोराइडमध्ये तिन्ही फ्लोरीन खाली ओढतात आणि शंख वर. ओढाताणीत दोन्ही जवळजवळ फिटतात. म्हणूनच अमोनिया आपली एकाकी जोडी आम्लाला सढळ हाताने देऊ करतो, तर हा वायू कोणाला काही देण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. स्फुरदाचे ट्रायफ्लोराइड आणखी तऱ्हेवाईक. आपल्या अडणीवरचा शंख ते धातूंच्या अणूंना देते, आणि रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहालाही. कोळशाच्या शेगडीतील विषारी वायू जसा गुपचूप रक्त अडवितो, तसेच हेही अडविते.

इथवर दोघे भाऊ निदान एका चुलीवर जेवत होते. पाचव्या पानाशी ते वेगळे निघतात. स्फुरदाच्या ट्रायक्लोराइडवर आणखी क्लोरीन सोडला की स्फुरद आपली एकाकी जोडीही मोडतो, तिचे दोन इलेक्ट्रॉन आणखी दोन क्लोरीनांशी भागीदारीत घालतो, आणि पेंटाक्लोराइड तयार होते. आता अडणीवर शंख नाही, आणि पाच जोड्यांना अवकाशात पांगावयाचे आहे. चार बिंदू गोलावर अगदी समान अंतराने मांडता येतात, सहाही येतात. पाच मात्र कधीच येत नाहीत. कोणीही मोसंबे आणि पाच टाचण्या घेऊन पाहावे. सर्वांत सोयीची मांडणी म्हणजे तीन बिंदू विषुववृत्तावर आणि दोन ध्रुवांवर. विषुववृत्तावरील तिघांत आपसांत १२० अंशांचे अंतर. ध्रुवावरच्याला मात्र तिन्ही शेजारी ९० अंशांवर खेटलेले. त्याची कुचंबणा अधिक, म्हणून तो जरा मागे सरतो. वायुरूप पेंटाक्लोराइडमध्ये आडवे बंध सुमारे २०२ पिकोमीटर आणि उभे सुमारे २१४ पिकोमीटर लांब आहेत. पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग. त्या खेड्यातील मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. दोन काड्या लांब, कारण त्या दोघांना शेजार जास्त.

राहिला भाचीचा प्रश्न. नत्र हे का करीत नाही? लायनस पॉलिंग यांनी १९३१ साली कक्षकांच्या संकराची कल्पना मांडली. तिचाच विस्तार करून पुस्तके सांगू लागली की, स्फुरदाच्या तिसऱ्या कवचात डी नावाचे कक्षक रिकामे असतात, त्यांतील एक वापरून तो पाच बंधांची सोय करतो. नत्राच्या दुसऱ्या कवचात डी-कक्षकच नाहीत, म्हणून त्याची गाडी चारांवर अडते. उत्तर नेटके आहे, परीक्षेत एका ओळीत बसते, आणि कैक पिढ्यांनी ते लिहून गुण मिळविले. त्यातील नत्राजवळ डी-कक्षक नाहीत हा भाग खराच आहे. गडबड स्फुरदाच्या बाजूला आहे. संगणकांवर अशा रेणूंची बारकाईने गणिते होऊ लागली तेव्हा आढळले की, स्फुरदाचे डी-कक्षक ऊर्जेच्या दृष्टीने फार वर असतात आणि बंध बांधण्यात त्यांचा हात अगदी किरकोळ असतो. १९९० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांनी ही गोष्ट जवळजवळ निकालात काढली. डी-कक्षकांवाचून पाच बंध कसे, याचे उत्तर रंडल आणि पिमेंटेल यांच्या १९५१ च्या विचारात आधीच सापडण्यासारखे होते. ध्रुवांवरचे दोन क्लोरीन आणि मधला स्फुरद या तिघांत मिळून चार इलेक्ट्रॉन असतात, आणि त्यांपैकी खऱ्या अर्थाने बांधणारी जोडी एकच. एका पांघरुणात दोघे निजल्यासारखे हे झाले. ऊब मिळते, पण प्रत्येकाला निम्मीच. उभे बंध लांब आणि दुबळे असण्याचे हे दुसरे, अधिक खोल कारण. पेंटाक्लोराइड तापविले की दोन क्लोरीन सुटून वेगळे होतात आणि वाफेला हिरवट छटा येते.

मग नत्राची अडचण कोणती? मुख्यतः जागेची. ट्रायक्लोराइडांत स्फुरद-क्लोरीन अंतर २०४ पिकोमीटर आहे, नत्र-क्लोरीन अंतर अवघे १७६. नत्राभोवतीचे क्लोरीन तीन असतानाच दाटीने बसलेले असतात. भाचीने हे स्वयंपाकघरात करून दाखविले. एका हरभऱ्याभोवती तीन लिंबे नीट टेकतात. पाच टेकवू पाहिली तर लिंबेच एकमेकांना भिडतात आणि मधला हरभरा पोकळीत सैल खुळखुळतो. हरभऱ्याच्या जागी आवळा ठेवला की पाच लिंबे आरामात बसतात, सहावेही बसते. प्रमाण काटेकोर नव्हे, पण मुद्दा उघड आहे. याला पुरावाही चांगला आहे. चार फ्लोरीन बाळगणारा धनभारित नत्र १९६६ साली प्रयोगशाळेत तयार झाला, तर पाच फ्लोरीनांचा नत्राचा रेणू आजवर कोणालाही साधलेला नाही. उलट स्फुरद सहा फ्लोरीनही सुखाने वागवितो. (टोचलेल्या लिंबांचे मामीने दुसऱ्या दिवशी लोणचे घातले.)

या पेंटाक्लोराइडने खुद्द शास्त्रज्ञांनाही चकविले आहे. वायूत ते वर सांगितल्याप्रमाणे असते, परंतु थिजले की पाचांची गैरसोयीची बैठकच मोडून टाकते. एक रेणू आपला एक क्लोरीन शेजाऱ्याला देतो. देणाऱ्याजवळ उरतात चार, घेणाऱ्याजवळ होतात सहा. एकाचा आकार चतुष्फलक, दुसऱ्याचा अष्टफलक, आणि धन व ऋण भारांनी दोघे मिठाप्रमाणे स्फटिकात रचले जातात. क्ष-किरणांनी हे १९४२ साली दाखवून देणाऱ्यांत पॉवेल होते. दोन वर्षांपूर्वी सिजविकांबरोबर आकारांचा नियम सांगणारे तेच. पेंटाफ्लोराइडची खोडी आणखी निराळी. त्यातही दोन बंध लांब आणि तीन आखूड आहेत. पण चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्राने १९५३ साली पाहिले तेव्हा पाचही फ्लोरीन हुबेहूब सारखे दिसले. १९६० साली बेरी यांनी उलगडा केला की, ध्रुवावरचे दोघे आणि विषुववृत्तावरचे दोघे जागांची अदलाबदल करीत असतात, आणि ती इतक्या झपाट्याने की यंत्राला सरासरीच दिसते. कुचंबणा कोणा एकाच्या माथी कायमची मारलेली नाही.

हे सारे प्रयोगशाळेपुरते आहे असे समजू नये. खिशातील मोबाइलच्या बॅटरीत लिथियमबरोबर जो क्षार विरघळविलेला असतो, त्यात बहुधा सहा फ्लोरीनवाला स्फुरदच असतो. स्फुरदाच्या क्लोराइडांपासून तणनाशके आणि कीटकनाशके होतात. विषारी युद्धवायूही होऊ शकतात, म्हणून १९९३ च्या रासायनिक अस्त्रबंदी करारात त्यांची नावे आहेत. नत्राचे ट्रायफ्लोराइड संगणकाच्या चिपा आणि दूरदर्शनचे सपाट पडदे बनविणाऱ्या यंत्रांची आतून सफाई करते. मात्र हवेत निसटले तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७,००० पट उष्णता शंभर वर्षांच्या हिशेबात अडवून धरते. डेव्हीला जायबंदी करणाऱ्या ट्रायक्लोराइडने तर एकेकाळी इंग्लंड-अमेरिकेत पावाचा मैदा शुभ्र करीत. १९४६ साली मेलनबी यांनी असा मैदा खाऊन कुत्र्यांना झटके येतात हे दाखविले, तेव्हा ती चाल बंद पडत गेली. पोहण्याच्या तलावाला जो डोळे चुरचुरविणारा वास येतो, तोही बराचसा याचाच आणि याच्या भाऊबंदांचा. माणसांच्या घामातील नत्र आणि पाण्यातील क्लोरीन यांच्या भेटीतून ते उपजतात. म्हणून गृहिणींना एक विनंती: ब्लीचिंग पावडर आणि अमोनियाचे सफाईचे पाणी एका बादलीत कधीही मिसळू नये.

भाचीला आम्ही सांगितले की, तुझे उत्तर चूक नव्हे. "मग दोन गुण?" तिने विचारले. ते देणे आमच्या हाती नव्हते. तिची शाळा निराळी. आमच्या हाती आमची शाळा होती. पुढच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका ठरविताना आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना आम्ही हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि आदर्श उत्तरात "अथवा नायट्रोजनच्या अणूचा लहान आकार" ही ओळ स्वतःच्या अक्षरात वाढविली. मग त्या म्हणाल्या, "सर, आपल्या शाळेपुरतं ठीक. पण बोर्डाच्या परीक्षेत मुलांनी काय लिहायचं?" आम्ही म्हटले, दोन्ही कारणे लिहावीत. बाई म्हणाल्या, "दोन गुणांच्या प्रश्नाला जागा चार ओळींची असते."

संध्याकाळी घरी आलो तो मातोश्री अडणी मागत होत्या. अडणी भाचीच्या टेबलावर पुस्तकांमध्ये होती, आणि शंख दिवसभर ताम्हनात आडवा पडून होता.